उतारावरच्या पेठा : फेझचा जुना बाजार

श्रोतेहो, मोरोक्कोतील फेझ शहराविषयी लिहिणारे बहुतेक प्रवासी सुरुवातीलाच ‘भूलभुलैया’ हा शब्द वापरतात. मला तो शब्द पटत नाही, आणि का पटत नाही एवढेच आज मांडायचे आहे. ‘फेझ अल-बाली’, म्हणजे जुने फेझ, येथील गल्ल्यांत मोटार शिरू शकत नाही. माल आजही खेचरांच्या पाठीवरून आणि हातगाड्यांवरून जातो, आणि ‘बालाक! बालाक!’, म्हणजे ‘बाजू, बाजू!’, अशी आरोळी कानी आली की भिंतीला पाठ टेकून उभे राहावे लागते. नवखा माणूस येथे बावरणारच. परंतु ज्या शहरात शतकानुशतके कातडे, सूत, तांबे, लाकूड आणि धान्य रोज ज्याच्या त्याच्या दारात पोहोचत आले, ते शहर गोंधळातून चालले असेल असे मानता येत नाही. त्याची एक रीत आहे. मशिदीपासूनचे अंतर आणि पाण्याचा उतार, या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की ती उलगडू लागते.

इतिहास थोडक्यात सांगतो. इद्रिस पहिला याने 789 साली नदीच्या एका तीरावर वस्ती केली आणि त्याच्या मुलाने 809 च्या सुमारास समोरच्या तीरावर दुसरी. पुढे एका काठावर स्पेनमधल्या कॉर्दोबाहून हाकलले गेलेले लोक आले, तर दुसऱ्या काठावर आजच्या ट्युनिशियातील कैरवानहून आलेली कुटुंबे स्थिरावली. या कैरवानी लोकांवरूनच शहराच्या मुख्य मशिदीला ‘करवीयीन’ हे नाव मिळाले. 859 साली फातिमा अल-फिहरी या स्त्रीने ती बांधवली, अशी परंपरा आहे. अकराव्या शतकात अल्मोराविद राजघराण्याने दोन्ही वस्त्या एका तटाखाली आणल्या. 1912 मध्ये फ्रेंचांचा अंमल आला, तेव्हा त्यांनी आपले नवे शहर तटाबाहेर वसवले आणि जुने मोडले नाही. 1981 साली युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता चालू लागू. पश्चिमेची बाब बू जलूद ही वेस दिसते पुरातन, पण ती 1913 ची आहे. बाहेरून निळी, आतून हिरवी. तिच्या आत दोन रस्ते फुटतात, ‘तलआ कबीरा’ आणि ‘तलआ सगीरा’, म्हणजे मोठी चढण आणि धाकटी चढण. शहराने रस्त्याला चढणीचे नाव द्यावे, यातच वाट सापडण्याची पहिली खूण आहे. वेशीतून आत जाताना आपण सतत उतरत असतो, आणि तो उतार आपल्याला आधी मशिदीकडे आणि मग नदीकडे नेतो. वाटेत भाजी, मांस, पाव यांची रोजच्या गरजेची दुकाने लागतात. नज्जारीन चौक जवळ आला की डोळ्यांच्या आधी नाकाला कळते, कारण नज्जार म्हणजे सुतार, आणि ॲटलास पर्वतातून येणाऱ्या देवदाराचा वास गल्लीभर पसरलेला असतो. तेथला ‘फुंदुक’, म्हणजे खाली जनावरे व माल आणि वर व्यापारी अशी सराई, 1711 सालचा आहे; 1998 पासून त्यात लाकूडकामाचे संग्रहालय आहे.

मशिदीच्या जवळची पेठ ‘अत्तारीन’. हे नाव ऐकून मराठी माणसाला परके वाटू नये, कारण आपल्या गावचा अत्तार तोच. आपण ज्याला हमाल म्हणतो, सराफ म्हणतो, दलाल म्हणतो, ते सारे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आहेत. अत्तारीनमध्ये मसाले, सुगंधी द्रव्ये आणि औषधी मुळ्या एकत्र विकल्या जात, आणि शेजारच्या मेंदीच्या चौकात 1286 साली स्थापन झालेले सिदी फ्रेज हे मारिस्तान, म्हणजे रुग्णालय होते. औषधे विकणारा आणि रोग्यांना सांभाळणारा शेजारी असणे स्वाभाविकच म्हणायचे. ग्रानाडात जन्मलेला आणि फेझमध्ये वाढलेला हसन अल-वज्जान याने तरुणपणी याच रुग्णालयात लेखनिकाचे काम केले. 1518 मध्ये चाच्यांनी त्याला पकडून रोममध्ये पोपच्या हवाली केले, आणि परक्या भूमीवर बसून त्याने आपल्या शहराचे जे वर्णन लिहिले, त्यात या पेठा एकामागून एक येतात.

मशिदीभोवती सुगंध, मेणबत्त्या, पुस्तके आणि भारी कापड. म्हणजे जे स्वच्छ आहे, ज्याला धूर नाही, घाण नाही, गोंगाट नाही, ते जवळ. भारी कापडाची ‘कैसारिया’ ही बंदिस्त पेठ रात्री दारे लावून कुलूपबंद होत असे. या मांडणीमागे केवळ पावित्र्याची कल्पना नव्हती, हिशेबही होता. यांपैकी कितीतरी दुकाने मशिदीच्या वक्फाची, तेथल्या भाषेत ‘हबूस’ची, त्यांच्या भाड्यातून दिवाबत्ती चाले, शिक्षकांना वेतन मिळे, विद्यार्थ्यांना भाकरी मिळे. करवीयीनच्या विद्येची कीर्ती सांगताना या भाडेकरू दुकानदारांचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हावा, असे मला मनापासून वाटते.

तेथून पुढे सफ्फारीनचा चौक. आपल्याकडील तांबट आळीत वाढलेल्यांना तो आवाज लगेच ओळखू येईल: लग्नाच्या जेवणावळीचे प्रचंड हंडे ठोकणाऱ्या हातोड्यांचा, लयीत चाललेला. अजून खाली रंगाऱ्यांची गल्ली, जिच्या दगडांवरून सुताच्या लडींतून निथळलेले रंगीत पाणी वाहत असते. आणि नदीकाठी, शुआरा, म्हणजे कातडे कमावण्याची जागा. कातडे कमावण्याला पाणी हवे, दुर्गंध टळत नाही आणि सांडपाणी पुढे वाहून गेले पाहिजे, म्हणून हे हौद सर्वांत खाली आहेत, ज्या पाण्याने शहराच्या मशिदी, हमामखाने आणि कारंजी भरली ते सर्वांची कामे उरकून जिथे येते तिथे.

पांढऱ्या हौदांत चुना असतो. त्यात केस सुटतात. मग कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात कातडे मुरते, त्यातल्या अमोनियाने ते मऊ होते. नंतर रंगाचे हौद. पिवळा रंग मात्र हौदात न देता कातडे पसरून हाताने चोळतात. शेवटी सारे गच्च्यांवर आणि तटाबाहेरच्या टेकडीवर वाळत पडते. आम्ही वरच्या गच्चीवर उभे होतो, दुर्गंध जाणवू नये म्हणून हुंगायला हातात पुदिन्याची काडी होती, आणि खाली मांड्यांपर्यंत चुन्याच्या पाण्यात उभा असलेला माणूस कातडे तुडवत होता. त्याचा पुदिना कुठे होता? त्या गच्चीवर मी फार वेळ थांबू शकलो नाही. पण त्या माणसाच्या हाताची सफाई पाहिल्यावर त्याला केवळ दयेचा विषय मानणेही अन्यायाचे वाटले.

तिथून तयार माल पुन्हा वर चढतो. कातडे आणि चपला यांचा लिलाव करणारा ‘दल्लाल’ माल हातावर घेऊन दुकानादुकानांपुढून फिरतो आणि प्रत्येक दारी चढती बोली पुकारतो. विकणारा मागे कुठेतरी उभा असतो. भाव पटला नाही तर तो माल परत घेऊ शकतो.

कोणी फेझला जाणार असाल, तर नकाशापेक्षा पायांवर भरवसा ठेवा. पाय उताराला लागले की आपण मशिदीकडे किंवा नदीकडे जात आहोत. वेशीकडे परतायचे असेल, तर चढण धरा. मौले इद्रिसच्या, म्हणजे दुसरी वस्ती करणाऱ्या त्या मुलाच्या, दर्ग्याजवळ गल्लीत एक आडवी लाकडी तुळई दिसेल. खेचराने त्यापुढे जायचे नसते. माणसाला मात्र मान लववून आत जावे लागते.