मज्जेतल्या वाहिन्या मोजताना

(दृश्य: नाशिकमधल्या रुग्णालयाचा व्हरांडा, सकाळची वेळ)

निफाडहून, मालेगावहून ब्लड कॅन्सरचा संशय घेऊन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाठीतलं पाणी काढणार का?" नाही, ती तपासणी वेगळी. ही मज्जेची बायोप्सी, म्हणजे हाडाच्या आतल्या मज्जेची तपासणी; हिची सुई कमरेच्या मागच्या हाडात जाते, मणक्यात नाही.

हाडावरचं आवरण लिग्नोकेनने बधिर करायचं आणि मग खरोखर काही मिनिटं थांबायचं. घाई केली की रुग्ण कळवळून हलतो, काढायचा हाडाचा तुकडा मोडतो. सिरिंजने ओढलेल्या मज्जेत ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या पेशी दिसतात, पण रक्तवाहिन्यांची मांडणी त्यात विस्कटलेली असते. वाहिन्या पाहायच्या तर हाडाचा अखंड तुकडाच हवा, जमलं तर दोन सेंटिमीटरचा. तोही त्याच भोकातून नको, जरा बाजूने घ्यायचा. नाहीतर हाती नुसतं रक्त लागतं.

तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की पुढे हाडातलं कॅल्शियम काढायचं. तीव्र आम्लाने ते झटपट निघतं, पण ज्या प्रथिनांवर रंग चढवायचा तीच बिघडतात. ईडीटीए हे सौम्य रसायन सावकाश चालतं. रिपोर्ट उशिरा आला तरी चालेल, मायक्रोस्कोपखालची काच (स्लाइड) खराब नको.

(दृश्य: मायक्रोस्कोपखाली तपकिरी रेषा)

ल्युकेमियाच्या पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात, त्यामुळे नव्या वाहिन्या फुटतात. आणि वाहिन्यांच्या अस्तरातून येणारी द्रव्यं उलट त्याच पेशींना पोसतात. गाठीला वाढायला नव्या वाहिन्या लागतात, हे अमेरिकी शल्यविशारद जुडा फोकमन यांनी 1971 मध्येच मांडलं होतं. ल्युकेमियाच्या मज्जेत वाहिन्या दाटतात हे मात्र 1997 मध्ये, आजारी मुलांच्या बायोप्सींतून दिसलं.

मोजणी सोपी वाटते. कमी पॉवरवर सगळा तुकडा फिरून दाट जागा हेरायच्या, मग पॉवर वाढवून मोजायचं. फसगत होते ती रंगात. सीडी34 हे प्रथिन हेरणारा रंग वाहिन्यांना रंगवतो, तसाच बऱ्याच ल्युकेमियांत ब्लास्ट पेशींनाही, म्हणजे कॅन्सरच्या अपरिपक्व पेशींनाही. चार ब्लास्ट चिकटून बसले की अगदी बारीक वाहिनीच वाटते, आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून दुसऱ्या काचेवर सीडी31 हा दुसरा रंग लावून ताडून पाहायचं. तो मेगाकॅरिओसाइटना, म्हणजे प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींनाही रंगवतो, पण त्या पेशी एवढ्या मोठ्या असतात की सहज वगळता येतात.

एएमएल या ल्युकेमियाच्या एका प्रकारात केमोने ब्लास्ट हटले की ही दाटी ओसरलेली आढळली आहे. तरी औषध या आकड्यावरून ठरत नाही. रिपोर्टमध्ये तो नसेल, तर केवळ त्यासाठी पुन्हा सुई टोचून घ्यायची गरज नाही.