रस्त्याचं नाव विचारू नका

नमस्कार मंडळी. टोकियोत राहायला गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला घरी जेवायला बोलावलं. घर यानाका भागात. मी सरळ विचारलं, "रस्त्याचं नाव काय?" ती जराशी थांबली आणि म्हणाली, "आमच्या रस्त्याला नाव नाही."

मला वाटलं, गल्ली अगदी लहान असेल. तसं नव्हतं. टोकियोत मोठे रस्ते सोडले तर बहुतेक रस्ते बिननावाचेच. नाव आणि क्रमांक असतो तो रस्त्यांच्या मधल्या जमिनीला. पत्ता मोठ्याकडून लहानाकडे येतो: आधी शहर, मग प्रभाग, मग वस्ती, वस्तीचा 'चोमे', म्हणजे तिचा क्रमांक घातलेला भाग, त्यातला ब्लॉक आणि शेवटी घर. जुन्या पद्धतीत जमिनीची नोंद झाली त्या क्रमानं आकडे पडायचे, म्हणून पाचच्या शेजारी बारा असू शकायचे. १९६२ साली कायदा करून हे सुधारायला घेतलं. आता ब्लॉकच्या कडेकडेनं फिरत घरांना क्रमांक देतात. रस्ते मात्र तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं एक कागद आणून दिला. तिच्या वडिलांनी माझ्यासाठी हातानं नकाशा काढला होता. निप्पोरी स्टेशन, त्याचं पश्चिमेचं दार, मग पायऱ्या, लाल टपालपेटी, देवळाची भिंत, एक मोठं झाड आणि झाडानंतर तिसरं घर. टपालपेटी लाल पेन्सिलीनं रंगवलेली होती. तो कागद माझ्याकडे अजून आहे. पुढे लक्षात आलं की तिथली माणसं वाट अशीच सांगतात. सुरुवात नेहमी स्टेशनच्या दारापासून. शिंजुकू स्टेशनला बाहेर पडायच्या दोनशेहून अधिक वाटा आहेत. तिथे दार चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं. आणि अगदीच वाट हरवली तर कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी, म्हणजे 'कोबान', असतेच. तिथल्या पोलिसाकडे त्या भागाचा घरन्‌घर दाखवणारा नकाशा असतो आणि पत्ता शोधून देणं हे त्याचं रोजचंच काम.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. परक्या शहरात आपली ओळखीची माणसं असली की आपण त्यांना गाइड करून टाकतो. सुट्टीच्या दिवशी आपल्याला देवळं दाखव, मनोरे दाखव. त्यांचा दिवस जातो, आणि आपण जे पाहतो ते त्यांच्याशिवायही पाहता आलं असतं. मी मैत्रिणीला एकदा म्हटलं, "तुझी जी कामं असतील ना, त्यांना मला घेऊन चल." ती हसली, पण घेऊन गेली. प्रभाग कार्यालयात, तिच्या आजीच्या दवाखान्यात, चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे. कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा, लिफ्टमध्ये कुणी कुठे उभं राहायचं, हे मी त्या कामांत शिकले. शहर आतून कसं चालतं ते मला तिच्या पिशवीमागून चालताना कळलं.

आणि संध्याकाळचं ते गाणं. यानाकात पाच वाजले की खांबावरच्या भोंग्यातून एक बालगीताची धून वाजते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती फार गोड वाटली. मुलांना घरी बोलावायची खूण असणार, असं मी धरून चालले. तेही खरंच आहे. पण मैत्रिणीच्या वडिलांनी (मी त्यांना 'ओतोसान' म्हणजे बाबाच म्हणायचे) पुढची गोष्ट सांगितली. तो भोंगा भूकंपाची, संकटाची सूचना देण्यासाठी बसवलेला आहे. ऐन वेळी तो बंद पडलेला निघू नये, म्हणून रोज वाजवून तपासतात.

त्यानंतरच्या एका रविवारी ते आपणहून म्हणाले, "तुला एक जागा दाखवतो." सुमिदा नदीच्या पलीकडे, योकोआमिचो बागेत आम्ही गेलो. शहर पाहायला आलेली माणसं तिथे क्वचितच दिसतात. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना भूकंप झाला. ही जागा तेव्हा मोकळं मैदान होती. आसपासची माणसं गाद्या-गाठोडी घेऊन इथे सुरक्षित म्हणून जमली. आग त्या सामानाला लागली, वाऱ्यानं तिचं वावटळ झालं आणि एवढ्याशा जागेत सुमारे ३८,००० माणसं गेली. १९३० साली इथे स्मारकाची इमारत उभी राहिली. पुढे १० मार्च १९४५ च्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात एका रात्रीत एक लाखाच्या आसपास माणसं मेली. त्यांच्याही अस्थी इथेच आणल्या. भूकंपात शहरात इतरत्र गेलेली धरून, दोन्ही मिळून दीड लाखाहून जास्त माणसं त्या एका छपराखाली आहेत.

ओतोसानचं लहानपण याच भागातलं. शाळेतल्या मुलांना हल्ल्यांपासून दूर खेड्यांत पाठवलं होतं, त्यांत तेही होते, म्हणून वाचले. आई आणि धाकटी बहीण घरी होत्या. त्यांच्या अस्थी कोणत्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी उदबत्ती लावली, मलाही एक दिली. मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. मग त्यांनी रिकाम्या हातानं हवेत रेघा ओढत मला त्यांची जुनी गल्ली दाखवली: इथे पाण्याचा पंप, इथे सुताराचं दुकान, मग आमचं घर. स्टेशनापासून माझ्यासाठी काढलेल्या नकाशासारखंच, खुणेमागून खूण. त्यातली एकही खूण आज तिथे नाही.

परत यानाकात पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. पायऱ्यांवर ते थांबले. धून सुरू झाली. दोन मुलं सायकली वळवून घराकडे निघाली. ओतोसान मान किंचित तिरकी करून शेवटच्या सुरापर्यंत ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, "आवाज स्वच्छ येतोय. चल."