बेल्ट बदलायचा कसा?

नमस्कार. पुढच्या रांगांमध्ये फायनल इयरची मुलंमुली दिसतायत, मागे कारखानदार मंडळी आहेत, छान. पत्रिकेत विषय छापलाय 'मशीन डिझाइन, पुस्तकाच्या पुढे', त्यावर येतोच, पण आधी एक प्रश्न. एम ८ च्या, म्हणजे ८ मिमी आट्याच्या बोल्टला कितीचा पाना लागतो? मागून आलं तेरा. पुढून कुणीतरी आठ म्हणालं. हसू नका त्याला! त्याच बोल्टचा शिअर स्ट्रेस, म्हणजे कातरणारा ताण, तो दोन मिनिटांत काढून देईल, आणि ते यायलाच पाहिजे. पण १३ चा पाना बोल्टवर बसून फिरवायला जागा सोडावी लागते हे चार वर्षांत त्याला कुणीच सांगितलं नाही, याचा मला राग आहे, आणि तो बोलून दाखवायलाच मी आज आलोय.

एक मसाल्याचा कारखाना आहे, नाव नको. तिथे मधला एक शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा होता, दोन पेडस्टल बेअरिंगवर (पायावर उभ्या बेअरिंगवर) बसवलेला, एका टोकाला कपलिंग, म्हणजे दोन शाफ्टचा जोड, आणि पुढे माल ढकलणारा स्क्रू कन्व्हेअर, दुसरं टोक मोकळं. मोटरकडून तीन व्ही-बेल्ट येतात ती पुली कुठे? दोन बेअरिंगच्या बरोब्बर मधोमध. व्ही-बेल्ट अखंड असतो, तो मधून उघडून शाफ्टभोवती घालता येत नाही, म्हणजे बेल्ट तुटला की एक बेअरिंग काढल्याशिवाय नवा आत जाणार कुठून? आणि तीनातला एक तुटला तरी तिन्ही बदलावे लागतात, कारण जुने बेल्ट ताणलेले असतात आणि सगळा लोड नवा एकटाच ओढत बसतो.

मी गेलो तेव्हा तिथले मेस्त्री तेच काम करत होते. आधी गार्ड काढला, मग शाफ्टखाली लाकडी ठोकळे लावले, मग बेअरिंगचे ग्रब स्क्रू, म्हणजे बेअरिंग शाफ्टवर आवळून धरणारे बिनडोक्याचे स्क्रू, सैल केले. बेअरिंग तरीही हलेना. ग्रब स्क्रू शाफ्टमध्ये रुतून खड्डा पडतो, त्याच्या कडेला धातू वर येतो, ती बर बेअरिंगला सरकू देत नाही. शाफ्टवर तिथे छोटा चपटा भाग मारलेला असता तर बर त्या सपाटीतच राहिली असती. मग हातोडा, मग पॉलिश पेपर, परत हातोडा, आणि चांगलं चालणारं बेअरिंग बेल्टपायी भंगारात. वर मोटरच्या बेसला नुसती गोल भोकं, स्लॉट नाहीत, मोटर मागेपुढे सरकत नाही, म्हणून नवे बेल्ट पहारीने रेटून पुलीवर चढवायचे. त्याने बेल्टमधले दोरे आतल्या आत तुटतात आणि पुढचा बेल्ट लवकर जातो. शेवटी कपलिंगचं अलाइनमेंट परत. पूर्ण शिफ्ट गेली. मेस्त्री मला म्हणाले, "साहेब, ज्यानं हे काढलं त्यानं एकदा तरी बेल्ट बदललाय का?"

मी कॅल्क्युलेशनची फाइल मागवून बघितली, आणि सांगतो तुम्हाला, एकही आकडा चुकलेला नव्हता. पुली मध्ये ठेवली की बेल्टचा लोड दोन्ही बेअरिंगवर निम्मा निम्मा, बेअरिंगचं आयुष्य जास्त. आता तीच पुली मोकळ्या टोकाला बाहेर काढून बघू. बेअरिंगमधलं अंतर ६०० मिमी, पुली १०० मिमी बाहेर, फक्त बेल्टचा लोड धरायचा. बेंडिंग मोमेंट, म्हणजे शाफ्टला वाकवणारा जोर, पुली मधोमध असताना लोड गुणिले १५०, बाहेर असताना लोड गुणिले १००, म्हणजे उलट कमीच झाला! पण जवळच्या बेअरिंगवरचा लोड बेल्टच्या लोडच्या निम्म्यावरून त्याच्या सुमारे १.१७ पट होतो, म्हणजे आधीच्या २.३३ पट, आणि बॉल बेअरिंगमध्ये आयुष्य लोडच्या घनाने घटतं म्हणून तेराव्या हिश्शाच्या आसपास येतं. हे डिझाइन करणारा मुलगा इथेच थांबला. उत्तर सोपं होतं, त्या बाजूला मोठं बेअरिंग घाला. थोडा खर्च वाढला असता, पण मोटर सरकवली, बेल्ट काढले, नवे घातले, संपलं! फाइलमध्ये बेअरिंगच्या आयुष्याचे तास होते, पण बेल्ट बदलायला लागणारे तास कुठेच नव्हते.

इथे लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस मुंबईत व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचा, मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. कागद आणि पाना दोन्ही एकाच माणसाच्या हातात होते हो. आपण मात्र डिझाइनवाले आणि मेंटेनन्सवाले असे दोन वेगळे मजले बांधले आणि मधला जिना बांधायचाच विसरलो.

आयोजक घड्याळ दाखवतायत, दहाच मिनिटं आहेत आणि मूळ विषय राहिलाच की. पटकन सांगतो, लिहून घ्या.

शाफ्ट वाकतोय म्हणून ईएन ८ हे साधं स्टील काढून ईएन २४ हे जास्त ताकदीचं स्टील घालू नका. ताकद वाढते, पण ताठरपणा जवळपास तेवढाच, दोन्ही स्टीलच, साधारण २०५ ते २१० जीपीए (गिगापास्कल). व्यास २५ चा ३० करा, वाकणं निम्म्याच्याही खाली येतं, कारण तिथे व्यासाचा चौथा घात आहे. सेफ्टी फॅक्टर भरपूर असूनही मशीन थरथरतं ते बऱ्याचदा ताठरपणा कमी पडल्यामुळे.

दोन्ही बेअरिंग दोन्ही बाजूंनी जखडू नका. एक मीटरचा स्टीलचा शाफ्ट फ्रेमपेक्षा ४० डिग्रीने जास्त तापला तर जवळजवळ अर्धा मिमी वाढतो, आणि बेअरिंगमधली जागा मायक्रॉनमध्ये असते. एकाला सरकायला वाव द्या.

६२०५ नंबरचं बेअरिंग, बोअर (आतलं भोक) २५ मिमी, त्याच्यामागे शाफ्टचा खांदा ४० चा ठेवलात तर आतली रिंग खांद्याच्या आड पूर्ण लपते, बेअरिंग ओढून काढणाऱ्या पुलरचे पाय धरणार कशाला? खांदा ३१-३२ चा ठेवा. कव्हर घट्ट बसणार असेल तर त्यात दोन आटे पाडलेली भोकं द्या, बोल्ट आवळला की कव्हर आपोआप सुटतं. डॉवेलचं, म्हणजे दोन भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनचं, भोक आरपार ठेवा, नाहीतर पिन मागून ठोकून काढणार कशी?

आणि हे सगळं शिकायचं कुठे? भोसरीच्या, शिरोलीच्या कारखान्यांत, तुमच्या गावच्या रिवाइंडिंगच्या दुकानात. एखादा बंद पडलेला पंप किंवा जुना गिअरबॉक्स मिळवा, उघडा, व्हर्नियर-मायक्रोमीटरने प्रत्येक भाग मोजा, टॉलरन्ससकट ड्रॉइंग काढा, आणि प्रत्येक खांद्याला, प्रत्येक चॅम्फरला, म्हणजे तिरक्या कापलेल्या कडेला, विचारा की तू इथे का आहेस. मग परत जोडा आणि चालवून बघा. चार जणांत एक पंप पुरेल, पण पाना प्रत्येकाच्या हातात गेला पाहिजे. मागे बसलेल्या कारखानदारांना माझी विनंती आहे, भंगारात घालायच्या आधी एक गिअरबॉक्स या मुलांना द्या, आणि एक दिवस तुमच्या मेस्त्रींनाही सोबत पाठवा, त्या दिवसाच्या पगारासकट. कोण देणार ते आत्ताच चहाच्या वेळी ठरवू, मी बाहेर वही घेऊन उभा आहे.