सीपीयू वर नेला होता

[आयर्विन पूल. पहाट. खाली कृष्णेचं संथ पाणी.]

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा 57 च्या वर गेला आणि गावभागातल्या दुकानांत पाणी शिरलं.

त्या दिवसांत ज्याने त्याने आपल्या हिशेबाने वस्तू माळ्यावर नेल्या. कुणी देव नेले, कुणी गॅसची टाकी, कुणी उधारीच्या वह्या. गावभागात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं, छोटं दुकान असलेल्या एका काकांनी सीपीयू वर नेला. माझा हा छोटा चित्रपट त्या सीपीयूचा. मॉनिटर, प्रिंटर, कागदाची रिमं खालीच राहिली. काका सांगतात, "एकच फेरी होणार होती. म्हटलं, काम सगळं ह्याच्यात हाय, हे न्यायचं."

[दुकान. टेबलाखाली धूळ पुसलेलं काळं कॅबिनेट.]

सीपीयू. आपल्याकडे ह्या अख्ख्या डब्याला सीपीयूच म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो आत असतो, पंख्याखाली, ग्लुकोजच्या बिस्किटाहूनही लहान. पण नाव डब्याला चिकटलं आणि त्या नावाबरोबर एक भीतीही चिकटली. सीपीयू बिघडला म्हणजे आतलं सगळं गेलं, असं आपण धरूनच चालतो.

पुरातून वाचलेला काकांचा हा डबा यंदा जूनमध्ये बंद पडला. बटण दाबलं की पंखा अर्धा क्षण फिरायचा आणि थांबायचा. काकूंनी विचारलं, "म्हणजे वीस वर्षांचं काम गेलं का ओ?"

वीस वर्षांचं काम म्हणजे काय, ते आधी बघू. लग्नपत्रिका तर आहेतच. एकाच घरातल्या दोन पिढ्यांच्या पत्रिका काकांनी जुळवल्यात. हळदीच्या पोत्यांवरची लेबलं आहेत. गणेश मंडळांचे अहवाल आहेत, त्यात वर्गणीदारांची नावं आणि पाच-पाच रुपयांचा हिशेब. आणि नाटकांच्या पत्रिका. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ह्याच गावात 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो. ह्या गावात हौशी नाटकवाल्यांची कमी नाही, आणि त्यातल्या अनेकांच्या पत्रिका ह्या टेबलावर जुळल्या. त्या संस्थांपैकी काही आता उरल्या नाहीत. त्यांच्या नटसंचाची यादी जगात कुठे असेल तर ती ह्या डब्यात.

[दुरुस्तीवाला दादा कॅबिनेटची बाजू उघडतो.]

दुरुस्तीला आलेला दादा तिशीतला, काकांच्या लेकाबरोबर शाळेत असलेला. त्याने आधी दुसरा चालू एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, जोडून पाहिला. मग रॅम काढून, पुसून, परत बसवली. फरक पडला नाही. मग मोबाईलचा टॉर्च मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर, धरला आणि मला कॅमेरा जवळ आणायला सांगितला. औषधाच्या कॅप्सूलसारखे उभे छोटे डबे दिसतात ना, ते कॅपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. चार कॅपॅसिटरची डोकी फुगली होती.

"बोर्ड गेलंय, काका. प्रोसेसर चांगला असंल, पण त्याला बसायला जागा नाही राहिली."

"आणि फायली?"

दादाने कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हात घातला, दोन वायरी सोडवल्या आणि वहीच्या निम्म्या आकाराचा एक जड धातूचा ठोकळा काकांच्या तळहातावर ठेवला. "ह्या घ्या फायली."

हा क्षण मला चित्रपटात हवाच होता. काका त्या हार्ड डिस्ककडे बराच वेळ बघत राहिले. इतकी वर्षं तिच्यावर काम केलं, पण ती पाहिली त्यांनी पहिल्यांदाच. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ही काम करणारी माणसं समजा. फायली त्यांच्याकडे राहत नाहीत. रॅममध्येही, वीज गेली की काही उरत नाही. राहतं ते ह्या ठोकळ्यात, लोखंडी कपाटात कागद राहावेत तसं.

मला हे इतकं का सांगायचंय, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरचा कॉम्प्युटर असाच बंद पडला होता. आईने तो एका दुकानात दिला. दोन दिवसांनी चालू होऊन आला, स्वच्छ, वेगवान. डेस्कटॉप मात्र रिकामा होता. बोर्ड बदलल्यावर विंडोज नीट चालू होईना, म्हणून त्यांनी सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं होतं. "डी ड्राइव्हला हात लावला नाही," असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण आजोबांच्या आवाजातल्या ओव्यांच्या फायली आईने डेस्कटॉपवर ठेवल्या होत्या, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच एक कोपरा असतो. बोर्ड बिघडल्याने त्या ओव्या गेल्या नव्हत्या. त्या दुरुस्तीत गेल्या. मधल्या दोन दिवसांत कुणीतरी "फायली कुठे ठेवल्यात?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर त्या आजही असत्या.

म्हणून दादाने पुढे जे केलं ते मी सगळं चित्रित केलं. नवं बोर्ड आणायच्या आधी त्याने ती डिस्क युएसबी कन्व्हर्टर लावून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि तिची तब्येत सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला. पिवळा इशारा आला. डिस्कचे काही भाग खराब झाले होते आणि त्यांच्या जागी राखीव भाग वापरून ती काम चालवत होती. अशी डिस्क वर्षभर चालेल किंवा आजच संध्याकाळी थांबेल. मग दादाने क्रम ठरवला. आधी डेस्कटॉप, मग डॉक्युमेंट्स, मग काकांनी बोटाने दाखवलेले फोल्डर, आणि गाणी-सिनेमे सगळ्यात शेवटी. नव्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी व्हायला दुपारचे तीन वाजले. त्यातल्या दहा-बारा फायली उघडून बघितल्यावरच तो जेवायला घरी गेला.

[बाजार. दुकानाच्या काउंटरवर बोर्डाचा खोका.]

काकांचं मशीन 2012 चं. प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा कोअर आय 3, त्याच्या सॉकेटचं, म्हणजे बोर्डावरच्या बैठकीचं, नाव एलजीए 1155, म्हणजे 1155 स्पर्शबिंदू. आज दुकानात सहज मिळतं ते एलजीए 1700. जुना प्रोसेसर नव्या बोर्डावर बसूच शकत नाही. रॅमचंही तेच. जुनी डीडीआर 3, तिला 240 पिना. नवी डीडीआर 4, तिला 288, आणि मधली खाचही वेगळ्या ठिकाणी. त्यामुळे बोर्ड बदलायचं म्हटलं की प्रोसेसर आणि रॅम त्याच्या मागोमाग येतात. जुन्या सॉकेटची बोर्डं शोधली तर अजून मिळतात आणि त्यात खर्चही कमी. पण काकांच्या मशीनवरच्या विंडोज 7 ला सुरक्षेचे अपडेट मिळणं 14 जानेवारी 2020 लाच थांबलंय. काकांनी बाराव्या पिढीचा आय 3 घेतला, सोबत 8 जीबी रॅम आणि एक एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क. जुना एसएमपीएसही दादाने बदलायला लावला.

जोडणी अर्ध्या तासात झाली. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, 24 पिनांची मोठी वायर, प्रोसेसरची वेगळी वीज, आणि पॉवर बटणाच्या त्या चिमुकल्या वायरी, ज्यांच्यासाठी दादाला काकूंचा भिंगाचा चष्मा मागावा लागला.

मग त्याने माझ्यासाठी म्हणून एक प्रयोग केला. जुनी डिस्क तशीच नव्या बोर्डाला लावली. बघू, जुनं विंडोज उठतंय का. डिस्कवरचं विंडोज जुन्या, बायॉसच्या पद्धतीने सुरू होणारं. बायॉस म्हणजे मशीन सुरू होताना बोर्डावर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम. नवं बोर्ड त्याच्या पुढच्या अवताराचं, युईएफआयचं. जुनी पद्धत त्याला चालेना, आणि बूट करायला काही सापडत नाही असं सांगून ते थांबलं. समजा सुरू झालंच असतं, तरी पुढे अडलं असतं. विंडोज 7 बोर्डावरच्या, डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरशी कोणत्या भाषेत बोलायचं हे बसवतानाच ठरवतं. बोर्ड बदलल्यावर ती भाषा बदलली की निळा पडदा येतो आणि त्यावर आकडा असतो 0x0000007बी. त्यातूनही वाचलं तर युएसबी 3 चा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोज 7 मध्ये मुळात नाही, म्हणजे कीबोर्ड-माऊस मुके.

हा निळा पडदा बघून माणसं घाबरतात आणि नेमकं इथेच कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारू." ह्या पडद्याचा तुमच्या फायलींशी काहीही संबंध नाही. डिस्कवरचं विंडोज नव्या घरात रुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज 10 आणि 11 ह्या बाबतीत पुष्कळ समजूतदार आहेत. बोर्ड बदललं तरी बहुतेकदा ती स्वतःच नवे ड्रायव्हर शोधून उठतात. लायसन्सचा प्रश्न तेवढा उरतो. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या बोर्डाशीच बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल असेल तर ते नव्या बोर्डावर नेता येतं.

दादाने जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली. नुसती बाजूला नव्हे, तिची वायर सोडवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. विंडोज टाकताना दोन डिस्क जोडलेल्या असल्या की चुकून भलतीच निवडली जाते, आणि कधी सुरुवातीच्या फायली विंडोज दुसऱ्याच डिस्कवर जाऊन लिहितं. एसएसडीवर विंडोज बसलं आणि मशीन दोनदा बंद-चालू करून झालं, मगच जुनी डिस्क जोडली. जुन्या युजरच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर 'परवानगी नाही' आलं. काकूंचा चेहरा उतरला. नव्या विंडोजला जुन्या मालकाची ओळख नसते, एवढंच कारण होतं. मालकी आपल्या नावावर करून घेतली आणि फोल्डर उघडलं.

[पडद्यावर फाईल उघडते. अक्षरं नाहीत, नुसती खिचडी.]

मला वाटलं होतं, इथे आपलं शूटिंग संपलं. काकांनी नटसंचाची एक जुनी फाईल उघडली. पेजमेकर 7 ची, म्हणजे छपाईची पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची. 2001 साली आलेल्या ह्या सॉफ्टवेअरची पुढची मोठी आवृत्ती कधी आलीच नाही, तरी आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी ते सोडलं नाही. फाईल उघडली, चौकट बरोबर, नक्षी बरोबर, आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं, अर्थ नसलेली.

फाईल शाबूत होती. फॉन्ट नव्हता. जुन्या मराठी डीटीपीत फाईलमध्ये 'क' साठवलेलाच नसतो. साठवलेला असतो एखाद्या इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी 'क'चं चित्र काढतो. प्रत्येक कंपनीने हे क्रमांक आपापल्या मर्जीने ठरवले. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना सगळीकडे सारखेच क्रमांक देणारी पद्धत. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून जागा आहे, विंडोज 2000 पासून मंगल फॉन्टही आला, पण पेजमेकरला युनिकोडची मराठी कळत नाही. त्यामुळे आपल्या छपाईचा फार मोठा भाग अशा फॉन्टच्या भरवशावर उभा राहिला. फॉन्ट हरवला की पत्रिका वाचता येत नाही, मग डिस्क कितीही धडधाकट असो.

फॉन्ट सापडले. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरात, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये. आईच्या मशीनसारखा सी ड्राइव्ह पुसला असता तर तेही गेले असते. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे युएसबीला लावायची ती चावी, काकांनी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती. तिला नवा ड्रायव्हर लागला. संध्याकाळी साडेसातला मराठी उमटली. काकांनी पहिलं नाव मोठ्याने वाचलं. ते त्यांच्या धाकट्या भावाचं होतं, दूताच्या भूमिकेत. भाऊ आता नाहीत. मी कॅमेरा थोडा वेळ तसाच चालू ठेवला.

[काळा पडदा. मग एका लॅपटॉपचा निळा पडदा.]

बोर्ड गेलं तरी फायली राहतात, ह्याला एक अपवाद सांगायलाच हवा. विश्रामबागच्या एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला. एसएसडी तीच, फायली सगळ्या तिच्यावर. चालू केल्यावर पडद्याने 48 अंकी किल्ली मागितली. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बहुतेकदा बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि कुलूप आपोआप उघडणारी चिप मदरबोर्डावर असते. बोर्ड गेलं की ती चिपही जाते. मग उरते ती एकच किल्ली, 48 अंकांची. ती नसेल तर जगातला कोणताही दुरुस्तीवाला त्या फायली काढू शकत नाही. तिला किल्ली सापडली, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन केल्यावर. त्या खात्याचा पासवर्ड तिच्या भावाला आठवला म्हणून. तुमचा लॅपटॉप चालू आहे, त्या आजच्या दिवशीच ती किल्ली कागदावर लिहून ठेवा.

[दुकान. रात्र. अर्धं शटर.]

काकांनी जुनी हार्ड डिस्क मशीनमध्ये ठेवली नाही. आता फायली तीन ठिकाणी आहेत : एसएसडीवर, बाहेरच्या डिस्कवर आणि ह्या थकलेल्या जुन्या डिस्कवर. फॉन्टचं फोल्डर तिन्हीकडे. काकूंनी जुनी डिस्क जाड कागदात गुंडाळली. काकांनी वरून स्केचपेनने, पत्रिकेवर काढतात तशा वळणदार अक्षरात लिहिलं : "चालू आहे. फॉरमॅट करू नये." खाली तारीख घातली.

बाहेरची डिस्क दुसऱ्या दिवशी सकाळी कुपवाडला लेकीकडे गेली. तिथपर्यंत कृष्णा येत नाही.