ऊन, संत्री आणि बर्फ : ग्रानादाच्या डोंगरावरील स्की सहलीची आखणी

(दृश्य : हिवाळ्यातील सकाळ. ग्रानादा शहरातील अरुंद गल्ली, फळांनी लगडलेली संत्र्याची झाडे आणि त्यांच्या मागे पांढरी डोंगररांग.)

दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया म्हटले की ऑलिव्हच्या बागा, चुन्याने रंगवलेली पांढरी गावे आणि उन्हात तापलेले चौक डोळ्यांसमोर उभे राहतात. त्याच आंदालुसियातील ग्रानादा शहरात जानेवारीच्या सकाळी मान थोडी वर केली, तर संत्र्याच्या झाडांच्या शेंड्यांवरून बर्फाने झाकलेली एक लांब रांग दिसते. तिचे नावच सिएरा नेवाडा, म्हणजे हिमाच्छादित डोंगररांग. मुलासेन हे तिचे ३,४७९ मीटर उंचीचे शिखर संपूर्ण इबेरियन द्वीपकल्पात सर्वांत उंच आहे आणि त्याच्या शेजारच्या वेलेता शिखराच्या उतारांवर युरोपातील अगदी दक्षिणेकडच्या स्की केंद्रांपैकी एक वसलेले आहे. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी वेलेताच्या माथ्यावरून भूमध्य समुद्र आणि त्याच्या पलीकडचा आफ्रिकेचा किनारा दिसतो.

आयुष्यात एकदा तरी स्की पायात बांधून पाहावी असे वाटणाऱ्या आणि त्यासाठी सात-आठ दिवसांपलीकडे रजा न मिळणाऱ्या प्रवाशांसाठी हे निवेदन आहे. अशा प्रवाशाला स्की केंद्राच्या जाहिरातीत प्रथम दिसतो तो उतारांच्या एकूण लांबीचा आकडा, आणि नवशिक्याच्या दृष्टीने तोच आकडा सर्वांत निरुपयोगी असतो. पहिल्या तीन दिवसांत तो ज्या बर्फावर पडणार आणि उठणार आहे, त्या पट्ट्याची लांबी दोन-तीनशे मीटरही भरत नाही. त्याने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. विमानतळापासून बर्फापर्यंत सामान किती वेळा उचलावे लागेल, नवशिक्यांचा उतार किती उंचीवर आहे आणि वाऱ्यामुळे उतारांच्या वर नेणाऱ्या, तारेवरून चालणाऱ्या लिफ्ट बंद पडल्या तर त्या दिवशी काय करता येईल?

(दृश्य : ग्रानादाहून वर चढणारा वळणावळणाचा रस्ता. ऑलिव्ह मागे पडतात, पाइन येतात आणि अखेर झाडेच संपतात.)

ग्रानादा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, तर स्की केंद्राच्या पायथ्याचे प्रादोयानो हे गाव २,१०० मीटरवर. या दोहोंमधील अंतर रस्त्याने जेमतेम ३० किलोमीटरच्या आसपास भरते. हवेचे तापमान दर हजार मीटर चढाईला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा नियम लावला तर शहरात स्वेटरवर भागणाऱ्या माणसाला तासाभराच्या प्रवासानंतर नऊ अंश अधिक थंडीला तोंड द्यावे लागते. शहराच्या बस स्थानकावरून वर जाणाऱ्या बस हंगामात नियमित सुटतात. भाड्याची गाडी घेण्याचा मोह मात्र आवरावा, असे आम्ही सुचवतो. ताज्या बर्फानंतर टायरांना साखळ्या लावणे सक्तीचे होऊ शकते आणि आपल्याकडच्या घाटांत वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाचीही गाठ सहसा अशा साखळ्यांशी पडलेली नसते.

पूर्वी या वाटेवर ट्रामही होती. १९२५ साली सुरू झालेली ती ट्राम हेनील नदीच्या खोऱ्यातून बोगदे आणि पूल ओलांडत डोंगराच्या पोटापर्यंत जात असे. खोऱ्यात धरण होणार म्हणून १९७४ साली ती बंद झाली. त्याच्याही आधी या डोंगराची वाट ज्यांना तोंडपाठ होती, ते होते ‘नेवेरो’, म्हणजे बर्फ वाहून आणणारे लोक. उन्हाळ्याच्या दिवसांत ते खेचरे घेऊन उंचावरील बर्फाच्या साठ्यांपर्यंत चढत, बर्फ गवताने व कापडाने झाकून खेचरांवर लादत आणि ऊन चढण्यापूर्वी शहर गाठण्याच्या बेताने रात्रीच उतरू लागत. पेये थंड करण्यासाठी आणि रुग्णांच्या उपचारासाठी त्या बर्फाला शहरात गिऱ्हाईक असे. विसाव्या शतकात बर्फाचे कारखाने आले आणि तो व्यवसाय संपला. त्यांची पाऊलवाट अजून शाबूत आहे, तिच्यावरून गिर्यारोहक चालतात.

(दृश्य : बोरेगिलेस येथील नवशिक्यांचा उतार. सरकत्या पट्ट्यावर उभी असलेली लहान मुले आणि त्यांच्या मागे तितकेच गोंधळलेले प्रौढ.)

प्रादोयानोहून केबिन लिफ्टने दहा-पंधरा मिनिटांत बोरेगिलेस या पठारावर पोहोचता येते. त्याची उंची २,६०० मीटरांहून अधिक आहे आणि नवशिक्यांचे सौम्य उतार तेथेच आहेत. दक्षिणेकडील डोंगरांच्या बाबतीत हा तपशील निर्णायक ठरतो. अनेक केंद्रांत शिकाऊ उतार पायथ्याशी, गावाला लागून असतात आणि हिवाळा सौम्य गेला की सर्वांत आधी तेच उघडे पडतात. येथे मात्र गावातील बर्फ वितळला तरी शिकवणी वर सुरू राहते. केंद्रातील लिफ्ट सुमारे ३,३०० मीटरपर्यंत नेतात आणि हंगाम साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या शेवटापर्यंत चालतो, तोही या उंचीच्याच बळावर.

तरीही दक्षिणेचा बर्फ गृहीत धरता येत नाही. १९९५ साली अल्पाइन स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा येथे व्हायची होती, परंतु पुरेसा बर्फच पडला नाही आणि संपूर्ण स्पर्धा वर्षभर पुढे ढकलावी लागली. १९९६ साली ती झाली तेव्हा इटलीच्या आल्बेर्तो तोम्बाने स्लालम आणि जायंट स्लालम या, रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या, दोन्ही शर्यती जिंकल्या. बर्फ तयार करणारी यंत्रे आज जागोजागी उभी दिसतात, पण हवा गोठणबिंदूच्या खाली गेल्याशिवाय त्यांचाही फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे सहलीसाठी डिसेंबरपेक्षा जानेवारीचा मध्य ते मार्चचा मध्य हा काळ अधिक भरवशाचा ठरतो. त्यातही स्पॅनिश सुट्ट्यांचे दिवस टाळावेत. ६ आणि ८ डिसेंबरच्या सुट्ट्यांना जोडून येणारे दिवस, २८ फेब्रुवारीचा आंदालुसिया दिन आणि ईस्टरपूर्वीचा आठवडा या काळात अर्धे आंदालुसिया याच एका रस्त्याला लागते. दोन सुट्ट्यांच्या मधला कामाचा दिवस रजेने बुजवून घेण्याच्या युक्तीला स्पॅनिश लोक ‘पूल बांधणे’ म्हणतात. ही विद्या आपल्याकडेही घरोघरी अवगत असल्याने त्या दिवसांतील गर्दीची कल्पना वेगळी द्यायला नको.

दुसरी अडचण वाऱ्याची. ही रांग समुद्राजवळ एकाकी उभी आहे आणि उतार वृक्षरेषेच्या वर आहेत, त्यामुळे वारा अडवायला काहीच नाही. तो वाढला की वरच्या चेअरलिफ्ट थांबतात, कधी संपूर्ण केंद्रच दिवसभर बंद राहते. ढग उतरले तर आकाश आणि बर्फ यांतला फरकच कळेनासा होतो, कारण नजर स्थिरावण्यासाठी एखादे झाडही नसते. कधी सहारा वाळवंटातील धूळ वाऱ्याबरोबर येते आणि पांढरे उतार विटकरी-पिवळे होतात. तसे उतार दिसायला अद्भुत असले तरी अशा बर्फावरून स्की घसरत नाही, ती अडखळते.

(दृश्य : अल्हाम्ब्राचे बुरुज आणि पार्श्वभूमीला बर्फ.)

आखणीचे खरे कौशल्य इथे लागते. अल्हाम्ब्रा राजवाड्याची तिकिटे आधी काढावी लागतात आणि त्यातील नासरी महालांत प्रवेशाची नेमकी वेळ तिकिटावर छापलेली असते. डोंगर मात्र कोणाच्याही वेळापत्रकाला बांधलेला नसतो. म्हणून पहिले दोन दिवस ग्रानादात घालवून अल्हाम्ब्रा पाहून घ्यावा आणि नंतर, शक्यतो सोमवार ते शुक्रवारच्या दरम्यान, चार दिवस वर मुक्काम करावा. शिकण्याला तीन दिवस पुरतात, चौथा दिवस वाऱ्याच्या नावाने राखून ठेवायचा. शहरात राहून रोज बसने ये-जा करणे स्वस्त पडते, हे खरे. परंतु स्की बूट घालून चालण्याचा पहिला अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला संध्याकाळी निवासापर्यंतचे दोनशे मीटरही फार वाटतात. या क्रमाचा आणखी एक फायदा असा की विमानातून उतरताच २,६०० मीटरवर धापा टाकण्याची वेळ येत नाही.

मुंबईहून येणाऱ्यांना मालागा हे विमानतळ सोयीचे पडते. मध्ये आखातातील किंवा युरोपातील एखाद्या शहरात विमान बदलावे लागते आणि मालागाहून ग्रानादा सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे बसने साधारण दोन तासांच्या आत आहे. माद्रिदला उतरणाऱ्यांसाठी २०१९ पासून ग्रानादापर्यंत अतिजलद रेल्वेही धावते. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामायिक प्रवेशक्षेत्राचा व्हिसा, लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. हा विमा घेताना त्यात हिवाळी क्रीडाप्रकार समाविष्ट आहेत का, हे बारीक अक्षरांत वाचावे. साध्या प्रवासी विम्यातून नेमके स्कीइंगच वगळलेले असू शकते आणि गुडघा दुखावण्याची शक्यता मात्र स्कीइंगमध्येच सर्वांत जास्त असते.

(दृश्य : भाड्याच्या साहित्याचे दुकान. बुटांच्या रांगा, काउंटरवर उंची आणि वजन लिहून घेणारा कर्मचारी.)

साहित्य विकत घेऊ नये. स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट गावात भाड्याने मिळतात. दुकानदार उंची, वजन आणि सराव विचारतो, कारण पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराने सुटावा हे या माहितीवरून ठरवले जाते. वजन सांगताना लाजून चार किलो कमी करणे येथे महागात पडू शकते. बूट घट्ट, पण बोटे हलवता येतील असा असावा आणि आत एकच लांब मोजा घालावा. दोन मोजे घातल्याने ऊब वाढत नाही, पाय मात्र चेपला जातो. हातमोजे, जलरोधक विजार, बर्फाचा गॉगल आणि सनस्क्रीन स्वतःचे असावे. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरणे परावर्तित करतो आणि आंदालुसियाचे ऊन हिवाळ्यातही ऊनच असते.

लिफ्टच्या पासला येथे ‘फोरफे’ म्हणतात. तो आधी ऑनलाइन घेतल्यास बहुधा स्वस्त पडतो. मात्र पहिल्या दिवशी संपूर्ण केंद्राचा पास घेण्यापूर्वी, नवशिक्यांसाठी मर्यादित लिफ्टचा पास आहे का हे विचारून घ्यावे. शिकवणी सकाळची घ्यावी, कारण मार्चच्या उन्हात दुपारनंतर बर्फ लापशीसारखा होतो. पहिल्या तासात प्रशिक्षक स्कीची टोके जवळ आणि मागचे भाग लांब ठेवून पाचरीसारखा आकार करायला लावतो. वेग आवरण्याचे ते पहिले साधन आहे आणि ते साधल्याशिवाय पुढच्या लिफ्टकडे पाहूही नये.

(दृश्य : आंदोराची दरी, मग डोलोमाइटचे तांबूस कडे.)

सिएरा नेवाडाला पर्याय आहेत. पिरेनीज पर्वतातील आंदोरा हा चिमुकला देश त्यातला पहिला. तेथील ग्रानवालिरा केंद्रात सुमारे २०० किलोमीटरचे उतार आहेत आणि सोल्देउसारख्या भागांत झाडीमुळे वाऱ्यापासून आडोसा मिळतो. परंतु तेथे रेल्वे नाही, बार्सिलोना किंवा तुलूझहून बसने तीन तासांचा प्रवास करावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आंदोरा शेंगेन क्षेत्रात नाही. तेथे जाऊन स्पेनमध्ये किंवा फ्रान्समध्ये परतायचे तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि हे अनेकांना तिकिटे काढल्यावर समजते. इटलीतील डोलोमाइट डोंगररांगेत एका पासवर १२ केंद्रांतील १,२०० किलोमीटर उतार खुले होतात आणि सेला पर्वतसमूहाला स्कीवरून प्रदक्षिणा घालता येते. ते सुख सराव झालेल्यांचे आहे, नवशिक्याने ते तिसऱ्या सहलीसाठी ठेवावे. इटलीत २०२२ पासून उतारावर येणाऱ्या प्रत्येकाकडे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा असावा लागतो, हेही लक्षात असावे. बल्गेरियातील बान्स्को खर्चाला हलके आहे आणि सोफियाहून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, पण सुट्टीच्या दिवसांत तेथील केबिन लिफ्टची सकाळची रांग संयमाची परीक्षा पाहते.

(दृश्य : प्रादोयानोतील एका छोट्या उपाहारगृहाचे टेबल.)

खाण्याविषयी थोडे, कारण शाकाहारी मंडळींचा पहिला प्रश्न तोच असतो. ग्रानादात पेयाबरोबर छोटी ताटली विनामूल्य देण्याची प्रथा आहे, पण तिच्यात बहुधा मांस किंवा मासे असतात, म्हणून आधीच सांगावे. हमखास मागवावे असे एक पक्वान्न म्हणजे वांग्याचे तळलेले काप आणि त्यांवर ओतलेला ‘उसाचा मध’. हा मध म्हणजे आपली काकवी. ग्रानादाच्या दक्षिणेला मोत्रिलच्या किनाऱ्यावर काही शतके ऊस पिकत होता, आणि आता त्याच भागात चिरिमोया हे फळ पिकते. ते हिवाळ्यात ग्रानादाच्या बाजारात दिसते. ते फोडले की आपल्याला ओळख पटते, कारण ते सीताफळाच्याच कुळातले आहे.

(दृश्य : संध्याकाळ. रिकामे होत चाललेले उतार.)

दुपारचे चार वाजून गेले की वरची गर्दी एकदम गावाकडे उतरू लागते आणि शेवटचे उतार ढेकळांनी भरून जातात. थकलेल्या पायांनी नवशिक्याने तेथे जाऊ नये. केबिन लिफ्ट जशी वर आणते तशी खालीही नेते आणि तीत बसून उतरण्यात कमीपणा काहीच नाही. खाली दूरवर ग्रानादाचे दिवे लागत असतात. त्याच वेळी बर्फ सारखा करणारी यंत्रे दिवे लावून एकामागोमाग एक वर चढू लागतात आणि ज्या वेळी नेवेरो आपली खेचरे घेऊन निघत, त्या वेळी डोंगरावर पुन्हा कामाला सुरुवात होते.