नळीच्या आत

(दृश्य : सिंधुदुर्गातली एक बाजारपेठ. अर्ध्या फळ्या उघडलेलं बंदूक दुरुस्तीचं दुकान, बाकावर रायफल.)

श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली आहे, पागोळ्या अजून थांबलेल्या नाहीत. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींनी आधी मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढलं. नळी मागून बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढून करंगळीने चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, चाचपलं, रिकामं असल्याची खात्री केली. मग बोल्टचं डोकं वर फिरवून अख्खा बोल्ट बाहेर काढला आणि फडक्यावर ठेवला. आता कोणी काही केलं तरी ही रायफल उडणार नाही.

ती बघायला आलेला तरुण बागायतदार दस्त्यावरून हात फिरवतोय. लाकडाला नवं पॉलिश आहे, रेषा सुरेख आहेत. मेस्त्री त्याचा हात हलकेच बाजूला करतात.

"दस्तो बघून बंदूक घेव नको रे. नळयेत बघ."

(दृश्य : नळीच्या आतून दिसणारा उजेड.)

तोंडाशी पांढरा कागद धरायचा आणि चेंबरच्या बाजूने डोळा लावायचा. आत हे पिळाचे आटे दिसतात ना, तेच गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. चांगल्या नळीत आट्यांच्या कडा करकरीत असतात. उजेडाची वर्तुळं एकात एक, एकाच मध्यावर बसतात. मध्येच एखादं काळपट, जाड कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे. चिंधी, चिखल असं काहीतरी आत अडकलेलं असताना कधीतरी गोळी सुटलेली आहे. वर्तुळं एका अंगाला सरकलेली दिसली तर नळी वाकलेली. अशी रायफल फुकट मिळाली तरी घरात आणू नये.

या नळीत वर्तुळं जागेवर आहेत. पण इथे, तोंडापासून वीतभर आत, बघा : काळे ठिपके. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक.

(दृश्य : जुना कागद, रायफलीवरचे छाप.)

ही .315 बोअरची, म्हणजे नळीचं भोक 8 मिलिमीटरचं. इंग्रजांच्या काळात लष्कराची .303 काडतुसं साध्या माणसाच्या हाती पडू नयेत, म्हणून इथल्या लोकांसाठी हा वेगळा बोअर आला. ठेवण मात्र लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीचीच. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ती बनू लागली. 1980 च्या दशकात परदेशी बंदुकांची खासगी आयात जवळपास बंद झाली, जुन्या विलायती रायफलींचे भाव आभाळाला भिडले, आणि बेताच्या पैशात रायफल हवी असणाऱ्याला हीच उरली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बहुतेकांकडे ठासणीची नाहीतर बारा बोअरची एकनळी असते, रायफल क्वचित. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते.

(दृश्य : वाफाळतं पाणी, पितळी सळई, काळं झालेलं फडकं.)

ठिपके कसे पडले? जुन्या काडतुसांच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत असं रसायन असे, की बार झाला की नळीत क्षार उरत. क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. त्यात ही खारी हवा, आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. लोक नळी नुसती तेलाने पुसतात. तेलात क्षार विरघळत नाही, तेलाखाली लोखंड खात बसतो. आधी कढत पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. सळई नेहमी चेंबरच्या बाजूने घालायची. तोंडाकडून लोखंडी सळई खुपसणाऱ्यांनी किती नळ्या वाया घालवल्या असतील! गोळी नळी सोडते ती तोंडाची कड एका बाजूने झिजली की वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की पुष्कळांची बंदूक ठाण्यात जमा. माझ्या वडिलांची एकनळी अशीच भर उन्हाळ्यात गेली आणि पाऊस लागल्यावर परत आली, कापडी म्यानात गुंडाळलेली, आतून तांबडी. ठाण्यात तेलाचं फडकं फिरवायला कोण बसलंय?

(दृश्य : शिशाची गोळी नळीतून सरकताना मेस्त्रींचे हात.)

आता बघा. मऊ शिशाची गोळी तेलात बुडवून चेंबरकडून बसवली. पितळी सळईने हळूहळू ढकलतात. डोळे मिटलेले. सगळीकडे सारखीच ओढ लागली पाहिजे. मध्येच सैल पडली तर तिथे नळी रुंदावलेली. ठिपक्यांपाशी हात थबकला, किंचित खरखर. पुढे पुन्हा गुळगुळीत. बाहेर आलेल्या शिशावर आट्यांचे ठसे उमटलेत, सगळे सारख्या खोलीचे. मेस्त्री ते नखाने तपासतात आणि मान डोलावतात. चार ठिपके चालतील, म्हणतात. आटे जिवंत आहेत.

(दृश्य : परवानगीची फायरिंग रेंज, धुकं, वाळूची पिशवी.)

पहिल्या दिवशी पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या. दोष नळीचा नव्हता. पावसात पुढचं लाकूड फुगून नळीला एका अंगाने रेटत होतं. मेस्त्रींनी नळी आणि लाकडाच्या मधून कागदाची पट्टी फिरवली, अडली तिथे खूण केली, तेवढंच तासलं. कित्येक चांगल्या नळ्या असल्या लाकडापायी बदनाम होतात.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोक तीन गोळ्या जवळजवळ लागल्या की खूश होतात. तीन तर नशिबानेही लागतात, निदान पाच हव्यात, आणि मध्ये नळी निवू द्यायची. पण बागेत रात्री पाच गोळ्या कोण देतं? तिथे थंड नळीतली पहिली गोळीच खरी. तेल राहिलेल्या नळीतून तीच सगळ्यात वेगळी जाते. म्हणून तेल कोरडं पुसून, रोज सकाळी एकच गोळी, तोच कागद, 50 मीटर.

नेम चुकला तर जखमी डुक्कर झाडीत शिरतं, आणि सकाळी त्या वाटेने गुराखी जातो.

(दृश्य : चौथी सकाळ. कागदाजवळ उभा बागायतदार.)

चार सकाळी, चार भोकं. तो हाताची चार बोटं जुळवून कागदावर ठेवतो. चारही भोकं बोटांखाली झाकली जातात. मागून मेस्त्री विचारतात, "फडक्या आणलंस मां?"