कुलरची बादली आणि दबलेला मणका

नमस्कार श्रोतेहो. मे महिना, कुलरची टाकी रिकामी. आजी बादली उचलतात आणि पाठीत कळ येते. घरचे म्हणतात, चमक भरली, शेक द्या. आठ दिवसांनीही कूस बदलताना जीव जातो. ती चमक नसते, ठिसूळ झालेला मणका दबलेला असतो. (टाकीला नळी लावायची सोडून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बादल्या का उचलू देतात बाप्पा?)

अशा मणक्यात सिमेंट भरतात. त्याचा किस्सा ऐकाच. साल 1984, फ्रान्समधलं आमियाँ गाव. 54 वर्षांच्या एका बाईंची मान भयंकर दुखत होती. मानेचा दुसरा मणका रक्तवाहिन्यांच्या गाठीनं आतून पोखरला होता. गालिबेर हे न्यूरोसर्जन आणि देरामों हे रेडिओलॉजिस्ट, दोघांनी खुब्याचा सांधा बसवताना वापरतात तेच सिमेंट सुईनं त्या पोकळीत भरलं. बाईंचं दुखणं थांबलं! गंमत बघा, तो मणका ठिसूळपणानं दबलेला नव्हताच, त्यात गाठ होती. 1987 साली हे छापून आलं, आणि दबलेल्या मणक्यांवरचा हा उपाय तिथून पुढे रुळला.

आता पद्धत. पेशंटला पालथं झोपवतात, जागा बधिर करतात. सी-आर्म म्हणजे फिरवता येणारं एक्स-रे यंत्र, त्याच्या पडद्यावर समोरून आणि बाजूनं बघत जाड सुई मणक्यात नेतात. सिमेंटची पावडर आणि द्रव तिथेच कालवतात. पातळ असताना सोडलं तर शिरांतून फुप्फुसात किंवा मागे मज्जारज्जूकडे जाऊ शकतं. घट्ट झालं तर सुईतच अडकतं. टूथपेस्टइतकं हवं. पुन्हा सांगतो, टूथपेस्टइतकं. उकाड्यात ते लवकर आवळतं, म्हणून खोली थंड लागते. एका मणक्यात साधारण 2 ते 6 मिलिलिटर जातं, आणि ते मागच्या कडेजवळ दिसलं की हात थांबवायचा.

सगळ्यांनाच हे लागत नाही. बहुतेक मणके सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जुळतात. 2009 साली दोन चाचण्यांत, सिमेंट न भरता नुसतं नाटक केलेल्या खोट्या प्रक्रियेपेक्षा फायदा जास्त दिसला नव्हता, तेव्हा घाई नको. एमआरआयमध्ये मणक्याला ताजी सूज दिसायला हवी. ताजी सूज, जुना दबलेला मणका नव्हे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि हो, नागपूरचं ऊन एवढं, पण आपण दुपट्टा गुंडाळून फिरतो, मग ड जीवनसत्त्व कुठून मिळणार? सिमेंट दबलेल्या मणक्यातच भरलेलं असतं, बाकीचे ठिसूळच राहतात. त्यामुळे हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या, आणि हाडांचं औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्या.